तर्री पोहे झाले की ‘आजचा दिवस गेलाच’! मदत हवी आहे
आहाराचं मार्गदर्शन करणाऱ्या नागपूरकरांनो, अडचण अशी: सकाळी तर्री पोहे (वर हरभऱ्याचा झणझणीत रस्सा घातलेले) झाले की लोक ‘आता मोडलंच’ म्हणत दुपारी वरण-भाजी सोडतात, संध्याकाळी समोसा, मग सोमवारपासून नव्याने. बिघडतं ते पोह्यांनी नाही, पुढच्या दोन जेवणांनी. भरपाईचा उपास तर आणखी वाईट, रात्री हात आवरत नाही.

म्हणून माझा सल्ला: आठवड्याच्या 21 जेवणांपैकी 3 मोकळी (हवं ते खा), आणि घसरलं तर पुढचंच जेवण नेहमीचं: अर्धं ताट भाजी-कोशिंबीर, वाटीभर घट्ट वरण, दोन पोळ्या. इथवर लोकांना पटतं. गाडी अडते सावजीपाशी, म्हणजे आपल्या तिखट, तेलाचा तवंग असलेल्या रश्श्याच्या जेवणापाशी. ‘रस्सा अर्धी वाटी, वरचं तेल बाजूला’ म्हटलं की ‘मग जायचंच कशाला?’ (रास्तच म्हणा.)

वहीत ‘पाळलं-मोडलं’ऐवजी दर जेवणाला 0 ते 3 गुण कुणी देऊन पाहिलेत का? सावजीला किती द्यावेत?