रॅम्पार्ट रो वाहनांना बंद करावा का?

पायपीट: मुंबईतील काळा घोड्याचा रॅम्पार्ट रो, म्हणजे के. दुभाष मार्ग, वाहनांना बंद करणे म्हणजे चार हौशी लोकांसाठी फोर्टची कोंडी करणे होय, असे कालच्या लेखात म्हटले आहे. हे मला मुळीच मान्य नाही. रस्ता तो केवढा! कला महोत्सवाच्या नऊ दिवसांत तो बंद असतो, तेव्हा फोर्टमधील कचेऱ्या काही ओस पडत नाहीत. एरवी मात्र एवढी झाडांची सावली असूनही उभ्या गाड्यांच्या आरशांना कोपर लागू न देता अंग चोरून चालावे लागते.

चौकटवाला: महोत्सवाचा दाखला कृपया देऊ नका, त्या गर्दीत आमचे काय हाल होतात ते आम्हांलाच ठाऊक. सावलीत फिरणाऱ्यांनी चित्रे दालनांत कशी पोहोचतात, याचा कधी विचार केला आहे का? मी चौकटी बनवतो. सहा फुटी कॅनव्हास दोघांनी धरला, तरी समुद्राकडून वारा आला की तो शिडासारखा ओढ घेतो. एकदा असाच खांबावर आपटून कोपरा उखडला आणि भरपाई माझ्याच खिशातून गेली. टेंपो दारापर्यंत आलाच पाहिजे.

पायपीट: टेंपोला सकाळी अकरापर्यंत मुभा द्यावी.

चौकटवाला: जुने प्रदर्शन संध्याकाळी दालन बंद झाल्यावर उतरते आणि नवे त्याच रात्री टांगायचे असते. सकाळची मुभा आमच्या काय कामाची? न विचारता नियम सुचवू नका.

गिरगावकर: टेंपोचे काय ते ठरवा, पण घोड्याकडेही पाहा. ब्रिटिश राजा सातव्या एडवर्डचा काळ्या घोड्यावर बसलेला पुतळा १९६५मध्ये येथून हलवला, तो आज राणीच्या बागेत आहे. २०१७मध्ये स्वाराविना नवा घोडा उभारला, तोही वाहनतळाला खेटून! ज्याच्यावरून परिसर ओळखला जातो, त्याच्यासमोर घटकाभर निवांत उभे राहता येऊ नये, याचा मला मनापासून राग येतो.

सासूबाईंची सून: घोडा राहू द्या. माझ्या सासूबाईंना काठीशिवाय चालवत नाही आणि चित्रे पाहिल्याशिवाय राहवत नाही. टॅक्सी दूर थांबली, तर त्यांचे येणेच बंद होईल.

पायपीट: ज्येष्ठांच्या टॅक्सीला आणि रात्री मालाच्या टेंपोला सोडावे, एवढे मी नाइलाजाने मान्य करतो. खासगी मोटारी दिवसभर उभ्या करण्याचा हक्क मात्र मान्य करणार नाही.

चौकटवाला: रात्रीची सवलत लेखी मिळणार असेल, तर शनिवार-रविवारच्या बंदीला माझा विरोध नाही. सोमवार ते शुक्रवार रस्ता उघडाच राहिला पाहिजे.