'बोलता तसं लिहा', पण कुणाच्या बोलण्यासारखं?

पाणवठा:
काल कुणीतरी लिहून गेलं, "वुक काराजिचने एका फटक्यात सर्बियन लिखाण सोपं केलं. मराठीला असा एक वुक मिळाला की ऱ्हस्व-दीर्घाची कटकट संपली." हा वुक एकोणिसाव्या शतकातला सर्बियन भाषासुधारक, 'बोलता तसं लिहा' हा त्याचा नियम. ते वाक्य डोक्यातून जाईना, म्हणून लिहितोय.

एका फटक्यात? पहिलं व्याकरण १८१४ चं, कोश १८१८ चा आणि सर्बियाची सरकारी मान्यता १८६८ ची! तोवर माणूस जाऊन चार वर्षं झाली होती. अधू पायाने सगळं आयुष्य भांडण्यात गेलं. सर्बियनच्या सिरिलिक लिपीत 'य'साठी लॅटिन अक्षर घेतलं, तर ऑर्थोडॉक्स धर्मगुरूंना त्यात कॅथलिकांचा डाव दिसला.

शिवाय 'बोलता तसं' म्हणजे कुणासारखं? त्याने घरची, पूर्व हर्जेगोव्हिनाकडची बोली धरली. दुधाला तो 'म्लियेको' लिहायचा. बेलग्रेडने त्याची अक्षरं घेतली आणि 'म्लेको' ठेवलं. दक्षिण सर्बियातल्या तोर्लाक बोलीला प्रमाण भाषेत जागाच नाही. एकाची बोली सगळ्यांवर लादली, याला सोपं करणं म्हणायचं?

चिंचबन:
मग काय आधीची लिखाणाची भाषा, स्लाव्हेनोसर्बियन, चालू ठेवायची होती? चर्चची भाषा, त्यात रशियनची भर, वर थोडी बोली. ती कुठल्या आईने मुलाशी बोलली होती? वुक त्रशिच गावातल्या शेतकऱ्याचा पोरगा. बोरूने आणि पाण्यात कालवलेल्या बंदुकीच्या दारूने अक्षरं गिरवली त्याने. एक ध्वनी, एक अक्षर, एकूण ३०. आपण अजून 'चार' आणि 'चारा' एकाच 'च'ने लिहितो. लादली म्हणणं अन्याय आहे.

कोशवेडा:
वुकचा विषय निघाला की सगळे लिपीवर घसरतात. कोशाबद्दल बोला! २६ हजारांवर शब्द, जर्मन आणि लॅटिन अर्थांसकट. शिव्यासुद्धा होत्या, कारण लोक त्या देत होते. गदारोळ झाला आणि १८५२ च्या आवृत्तीत त्या गाळल्या. माझ्या मते ती त्याची खरी हार.

ओसरी:
हार कसली? कोश मुलांच्या हाती जातो. शिव्या छापून भाषा श्रीमंत होत नाही.

कोशवेडा:
मुलांना शिव्या कोशातून कळतात असं वाटत असेल तर तुम्ही कधी शाळेच्या मधल्या सुट्टीत उभ्या राहिला नाहीत.

ओसरी:
तेवीस वर्षं शिकवलंय मी. मला मधली सुट्टी सांगू नका.

कोशवेडा:
मग तुमच्यासारख्याच एका बाईंनी मला 'व्हतं' म्हटल्याबद्दल वर्गाबाहेर उभं केलं होतं. चौथीत होतो. घरी आजी तेच बोलायची, म्हणजे आजी अशुद्ध! महिनाभर तिच्याशी धड बोललो नाही. शिव्यांपासून सुरू होतं आणि 'व्हतं'पर्यंत येतं. हे गाळा, ते गाळा.

पाणवठा:
माझा मुद्दाही तोच आहे ना! तोर्लाक बोलणाऱ्या पोरालाही असंच बाहेर उभं करणार.

चिंचबन:
त्याचा दोष वुकवर का? त्याने आंधळ्या लोकगायक फिलिप विश्निचला समोर बसवून गाणी उतरवून घेतली. शेतकऱ्याचं बोलणं छापण्याजोगं आहे हे आधी त्याने दाखवलं. छडी नंतरच्यांनी हातात घेतली.

पाणवठा:
बरं, 'लादली' मागे घेतो. 'एका फटक्यात' मात्र चालवून घेणार नाही.

ओसरी:
वुक म्हणजे लांडगा. आधीची भावंडं जगली नाहीत म्हणून चेटकिणी घाबराव्यात असं नाव ठेवलं. आमच्या आजोबांचं नाव धोंडू, कारण तेच. हे वाचलं तेव्हापासून तो मला परका वाटत नाही. शिव्यांबद्दल माझं मत तेच आहे. पण 'व्हतं'वरून मीही मुलांना टोकलंय. तसं करायला नको होतं.

कोशवेडा:
आजीचे शब्द मी नंतर एका वहीत उतरवले, तीनशेच्या आसपास. वडिलांनी त्यातले 'नको ते' निळ्या शाईने खोडले.

ओसरी:
खोडलेले वाचता येतात का अजून?

कोशवेडा:
पान खिडकीशी धरलं की काही येतात. अकरा लागलेत आतापर्यंत.