टाकला की गेला? सोलनाइफच्या फाशांचा घोळ

पडवीतला डीएम

मागच्या रविवारी प्रतापनगरातल्या आमच्या टेबलावर, कूलरच्या घरघरीवर आवाज चढवून, जे भांडण झालं ते इथे मांडतो. निकाल मी दिलेला आहे आणि तो मला बरोबरच वाटतो, पण पोट्टे ऐकायला तयार नाहीत.

आम्ही डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळतो, म्हणजे टेबलाभोवती बसून, फासे टाकत, पात्रं घेऊन गोष्ट रंगवायचा खेळ, २०२४ ची सुधारित पुस्तकं. गोष्ट चालवणारा आणि निकाल देणारा तो डीएम, आमच्याकडे मी. आमच्यातला एक जण सोलनाइफ आहे, म्हणजे मनाच्या जोरावर हवेतून सुरे काढणारा चोर. त्याच्याकडे मानसिक शक्तीचे फासे असतात. तिसऱ्या लेव्हलला ४, सगळे डी६, म्हणजे सहा बाजूंचे. पाचव्या लेव्हलला ६ मिळतात आणि ते डी८ होतात. शॉर्ट रेस्टला, म्हणजे पात्राच्या छोट्या विश्रांतीला, एक परत, लाँग रेस्टला, म्हणजे मोठ्या विश्रांतीला, सगळे. हिशेब आम्ही चिंचोक्यांनी ठेवतो. स्टीलच्या वाटीत ४ चिंचोके, फासा खर्च झाला की एक बाहेर.

आता घोळ पाहा. अवघड काही करायचं तर चेक असतो: डी२०, म्हणजे वीस बाजूंचा फासा, टाकून त्यात पात्राचं कसब मिळवायचं आणि लक्ष्याचा आकडा गाठायचा. नॅक नावाची शक्ती आहे. ज्या कौशल्यात किंवा अवजारात पात्र तरबेज आहे त्याचा चेक फसला, की एक फासा टाकून आकडा त्या चेकमध्ये मिळवायचा. काम झालं तरच फासा खर्च, नाही झालं तर नाही. दुसरी शक्ती व्हिस्पर्स, साथीदारांशी मनातल्या मनात बोलायची. फाशावर जितका आकडा येईल तितके तास. ही लाँग रेस्टनंतर पहिल्यांदा फुकट, पुढे दर वेळी एक फासा. नवव्या लेव्हलला टेलिपोर्ट मिळतं. तिथे फासा गेलाच म्हणून समजा, आकडा गुणिले १० इतके फूट उडी. वाटी एक, चिंचोके तेच आणि कायदे तीन!

म्हणून माझ्या टेबलावर एकच कायदा: टाकला की गेला. कुलूप उघडो न उघडो. आणि गूढ शक्तीला काही किंमत नको का राजेहो? मनाचा सगळा जोर लावला, कपाळावरची शीर ताठ झाली, कुलूप जागचं हललं नाही, आणि गडी पुन्हा ताजातवाना? ऋषीनं शाप दिला आणि तो लागला नाही, तर तप परत मिळतं काय?

बोला.

तर्रीपोहे डी२०

तो ताजातवाना गडी मीच. पहिल्या कुलपावर माझ्या फाशावर १ आला, चिंचोका गेला. दुसऱ्यावर २ आला, तोही गेला. दोन्ही कुलपं जशीच्या तशी. पुस्तकात एका वाक्यात स्पष्ट लिहून आहे की यश आलं तरच फासा खर्च होतो. त्यात समजून घेण्यासारखं काय आहे? कायदा बदलायचाच होता, तर कॅरेक्टर बनवताना सांगायचं ना भाऊ. मी सोलनाइफ घेतलाच नसता, विझार्ड घेतला असता. पात्र किल्ल्याच्या भुयारात पोचल्यावर कोणी कायदा बदलून राहिला असता तर तुला चाललं असतं का?

वर्धा रोडचा पॅलाडिन

मी डीएमच्या बाजूनं. जामठ्याला मॅच पाहायला गेलेल्या प्रत्येकाला डीआरएस कळतो. रिव्ह्यू बरोबर निघाला तर टीमकडे राहतो, फसला तर जातो. नॅकमध्ये नेमकं उलटं आहे, फसलं की राहतो! चुकण्याची शिक्षाच नाही, मग माणूस विचार कशाला करेल?

आणि दूर कशाला जा, त्याच २०२४ च्या पुस्तकात बार्डचं, म्हणजे गाणाऱ्या-वाजवणाऱ्या पात्राचं, इन्स्पिरेशन पाहा. तिथंही आपला रोल फसला की फासा टाकून आकडा मिळवायचा. काम अगदी नॅकसारखंच. पण खाली लिहिलंय की फासा टाकला की खर्च झाला, यश येवो न येवो. एकाच पुस्तकात एकाच कामाला दोन न्याय, मग डीएमनं एक निवडला तर त्याला का झोडपता?

बारव आणि भुयार

पॅलाडिन भाऊ, बार्डचा दाखला अर्धाच दिलात. बार्डचा फासा हल्ल्याला चालतो, सेव्हिंग थ्रोला, म्हणजे संकटातून वाचायच्या रोलला, चालतो, कोणत्याही चेकला चालतो, आणि तो दुसऱ्याच्या खिशात टाकता येतो. नॅक फक्त स्वतःच्या चेकला, तेही ज्यात तुम्ही तरबेज आहात तेवढ्यालाच. व्याप्ती लहान म्हणून भाव स्वस्त. त्याच पुस्तकात फायटरचं, म्हणजे लढवय्याचं, टॅक्टिकल माइंड वाचा. फसलेल्या चेकमध्ये डी१० मिळवायचा, त्यासाठी सेकंड विंडचा, म्हणजे त्याच्या दम परत मिळवायच्या शक्तीचा, एक वापर मोडायचा. तरीही चेक फसलाच, तर तो वापर खर्च धरत नाहीत. म्हणजे चेकपुरती मदत असेल तर फसल्यावर पैसे परत, आणि सगळीकडे चालणारी मदत असेल तर टाकला की गेला. मला तरी यात घोळ दिसत नाही, हिशेब दिसतो.

डीआरएसचं म्हणाल, तर तिथे अंपायरवर उगाच शंका घेऊ नये म्हणून दंड आहे. अंपायर्स कॉल निघाला तर रिव्ह्यू तिथेही राहतो. इथे कुलपावर कोण शंका घेऊन राहिलं आहे?

गणितवाली ताई

भांडण छान आहे, पण आकडे कुणीच मांडले नाहीत.

समजा चेकला +५ आहे आणि लक्ष्य १५. डी२० वर १० किंवा जास्त आला की काम झालं, म्हणजे ५५ टक्के. ४ ते ९ मधला आकडा आला तर १ ते ६ कमी पडतात, आणि तेवढ्यातच डी६ वाचवू शकतो. १ कमी असेल तर डी६ नक्की वाचवतो, ६ कमी असतील तर सहातून एकदाच. सगळं जोडलं तर १७.५ टक्के वाढतात. ५५ चे ७२.५ होतात.

खर्च पाहा. पुस्तकाप्रमाणे १०० चेकमागे सरासरी १७.५ फासे जातात, कारण जिथे वाचवलं तिथेच गेले. डीएमच्या कायद्यात फसलं की टाकला असं धरलं, तर १०० मागे ४५ जातात. यश तेवढंच, खर्च अडीचपटीहून जास्त. दुसऱ्या तऱ्हेनं सांगायचं तर पुस्तकात ४ फासे म्हणजे ४ हमखास वाचवलेले चेक. डीएमच्या टेबलावर ४ फासे म्हणजे सरासरी दीडच्या आसपास.

तुम्ही एका वाक्यानं कायदा सोपा केला नाही, शक्ती निम्म्याहून खाली आणली. आणायची असेल तर आणा, पण सोपेपणाच्या नावाखाली नको.

पडवीतला डीएम

ताई, गणित मान्य. पण तिसऱ्या लेव्हलला या माणसाकडे नॅक आणि व्हिस्पर्स सोडून फासे खर्चायला दुसरी जागाच नाही. टेलिपोर्ट नवव्या लेव्हलला येतं. म्हणजे सध्या ४ फासे म्हणजे अक्षय पात्रच झालं. जिथे टंचाई नाही तिथे निवड नाही.

आणि खरी अडचण वेगळीच आहे, ती कुलपात दिसत नाही. भुयारात हा पोट्टा म्हणतो, 'भिंत तपासतो, सापळा आहे का पाहतो.' डी२० टाकतो, एकूण ११. मी म्हणतो, 'काही दिसलं नाही.' लगेच हा विचारतो, 'फसला का? फसला असेल तर नॅक टाकतो.' आता मी काय सांगू? 'हो, फसला' म्हटलं की याला कळलं, इथे काहीतरी आहे. 'नाही' म्हटलं की कळलं, इथे काही नाही. खोटं बोलायचं का? आणि फासा फुकट असेल तर हा प्रत्येक भिंतीला, प्रत्येक पेटीला, प्रत्येक म्हाताऱ्या पुजाऱ्याच्या बोलण्याला हाच प्रश्न विचारणार. माझा कायदा असला की निदान एक चिंचोका पणाला लावावा लागतो.

तर्रीपोहे डी२०

म्हाताऱ्या पुजाऱ्याला मी विचारलंच होतं, आणि तो खोटं बोलूनच राहिला होता!

बारव आणि भुयार

हा मुद्दा मात्र खरा आहे. माझ्या टेबलावरही लपलेल्या चेकमध्ये हेच होत होतं, आणि तो प्रश्न पुस्तकाच्या त्या एका वाक्यानं सुटत नाही. पण तुमच्या कायद्यानंही सुटत नाही. चिंचोका लावूनसुद्धा 'फसला का?' विचारावंच लागतं, आणि उत्तरातच सगळं फुटतं.

गणितवाली ताई

सुटतो की. दोन्ही फासे जोडीनं टाका.

खेळाडू आधीच म्हणेल, 'नॅक लावून पाहतो', आणि डी२० आणि डी६ एकदमच टाकेल. डीएम पडद्यामागे पाहील. डी२० नं एकट्यानं काम झालं असेल तर वाटीला हात लावायचा नाही. डी६ मुळे झालं असेल तर एक चिंचोका उचलायचा. दोन्ही मिळूनही नाही झालं, तर पुन्हा हात लावायचा नाही. नुसतं म्हणायचं, 'काही दिसलं नाही.' भिंतीत खरंच काही नसलं, तरी हेच म्हणायचं आणि हात लावायचा नाही.

गंमत ही की हे पुस्तकाच्याच कायद्यामुळे जमतं. चिंचोका फक्त यशाबरोबर जातो, आणि यश आलं की सापळा दिसलेलाच असतो. त्यामुळे चिंचोका गेल्यानं काही गुपित फुटत नाही. फसल्यावरही चिंचोका घेतला, तर मात्र डीएमला पुन्हा फसला की नाही ते सांगावंच लागेल.

वर्धा रोडचा पॅलाडिन

आणि मजा? फसलेला रोल समोर पडलाय, सगळे श्वास धरून आहेत, आणि मग गडी हळूच म्हणतो, 'थांबा, मन लावतो.' तो क्षण गेला ना ताई. आता दोन फासे एकदम खळखळले आणि डीएमनं वाटीत हात घातला. गूढ शक्ती कसली, दुकानातला गल्ला.

गणितवाली ताई

तो क्षण कुलपाला ठेवा. कुलूप फसलं की सगळ्यांनाच दिसतं, तिथे लपवायचं काय? जोडी फक्त लपलेल्या चेकला.

विदर्भ वाइल्ड मॅजिक

मधेच तोंड घालतो. तुमचे तीन कायदे तरी एकाच पुस्तकातले आहेत. आमच्या टेबलावर एकाकडे २०१४ चं पुस्तक, दुसऱ्याकडे २०२४ चं. जुन्यात वाइल्ड मॅजिकवाल्यानं, म्हणजे बेभरवशाची जादू करणाऱ्यानं, स्पेल टाकल्यावर डीएमची मर्जी झाली तर डी२० टाकायला लावणार, आणि १ आला तर गोंधळाचा तक्ता. नव्यात खेळाडू स्वतः टाकू शकतो, टर्नमध्ये एकदा, आणि तक्ता २० ला. परवा १ पडला, अर्धं टेबल नाचलं आणि अर्धं विचारून राहिलं की काऊन नाचता बे. आधी कोणतं पुस्तक चालतं हे दारावर चिकटवा, मग चिंचोके मोजा.

पडवीतला डीएम

पुस्तक आमचं एकच आहे, तो त्रास नाही. माझा निर्णय असा. लपलेल्या चेकना ताईंची जोडी चालेल, तिथे फसलं तर फासा राहील. उघड चेकना, म्हणजे कुलूप, कडा चढणं, पहारेकऱ्याच्या डोळ्यांदेखत खिसा मारणं, इथे माझं 'टाकला की गेला' कायम. जोर लावला तर दम लागलाच पाहिजे. अडीचपट महाग पडतो ते मला चालतं, म्हणून मी याला लॉकपिकिंगचं लक्ष्य १५ वरून १३ करून देतो.

गणितवाली ताई

१३ केल्यावर +५ ला फाशाशिवायच ६५ टक्के झाले. म्हणजे फासा महाग केला आणि त्याची गरजही कमी केली. मग टंचाई कुठे उरली भाऊ? आणि आता वाटी एक, कायदे चार.

बारव आणि भुयार

नवव्या लेव्हलला तुमची खरी परीक्षा आहे डीएमसाहेब. तिथे होमिंग स्ट्राइक मिळतं. सुरा चुकला तर फासा टाकून हल्ल्यात मिळवायचा, आणि लागला तरच फासा खर्च. तोवर वाटीत ८ असतात, टेलिपोर्टही त्याच वाटीतून. तुमची टंचाई तिथे आपोआप येते. तिथेही टाकला की गेला केलंत, तर हा बिचारा लढाईत एक सुरा मारून बसून राहील.

तर्रीपोहे डी२०

नववी लेव्हल यायला अजून लय वेळ आहे. तोवर मी कुलपं लाथेनं उघडतो. स्ट्रेंग्थ ८ आहे, उणे १ लागतो, आणि नॅक तिथे चालतच नाही. निदान वाटीवरून भांडण तरी होणार नाही.