ब्लॉकची फाइल बदलली, तरी ड्रॉइंग जुनंच

ऑटोकॅड या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमधले सगळे ब्लॉक, म्हणजे पुन्हा पुन्हा वापरायचे तयार तुकडे, सर्व्हरवरच्या एका फोल्डरमध्ये ठेवले की झालं, असं म्हटलं जातं. फोल्डर हवाच, पण तेवढ्यानं भागत नाही. ब्लॉक एकदा ड्रॉइंगमध्ये इन्सर्ट केला, म्हणजे टाकला, की त्याची व्याख्या त्या ड्रॉइंगमध्येच साठते आणि मूळ फाइलशी नातं संपतं. फोल्डरमधला टायटल ब्लॉक (ड्रॉइंगच्या माहितीची चौकट) सुधारला तरी उघडलेल्या ड्रॉइंगमध्ये जुनाच दिसणार. नवा आणायचा तर कमांड लाइनवर इन्सर्टच्या आधी वजा चिन्ह (-INSERT) टाइप करा, नाव विचारल्यावर ब्लॉकचं नाव, बरोबरचं चिन्ह (=) आणि फाइलचा पाथ द्या. रिडिफाइनला, म्हणजे व्याख्या बदलायला, होकार द्या आणि इन्सर्शन पॉइंट मागितला की एस्केप दाबा. व्याख्या बदललेली असते, नवी प्रत पडत नाही. ॲट्रिब्यूट (ब्लॉकमधल्या मजकुराच्या भरायच्या जागा) वाढवले असतील तर त्यानंतर ॲटसिंक (ATTSYNC) ही कमांड लागतेच. मात्र हातानं सरकवलेला मजकूर त्यात परत मूळ जागी जातो.

दुसरी भानगड युनिटची, आणि ती आपल्या बेळगावात जास्तच. घरांचे प्लॅन फूट-इंचात, उद्यमबागेतल्या कास्टिंगची ड्रॉइंग मिलिमीटरमध्ये, आणि कितीदा तरी दोन्ही एकाच टेबलावर. ब्लॉकच्या फाइलमध्ये इनसयुनिट्स (INSUNITS, फाइलच्या युनिटचं सेटिंग) इंचावर असेल तर मिलिमीटरच्या ड्रॉइंगमध्ये तो आपोआप २५.४ पट होऊन येतो. युनिटलेस राहिला तर ऑटोकॅड ऑप्शन्समधल्या डिफॉल्टवर विसंबतं, आणि तिथे मिलिमीटर असेल तर ३६ इंची दार ३६ मिलिमीटरचं होऊन बसतं. लायब्ररीत टाकण्याआधी प्रत्येक फाइलचं युनिट तपासा, भूमिती लेयर शून्यवर आहे का तेही बघा.