साखर निघाल्यावर कोकणातलं ताट: तुमचे अनुभव लिहा

मला साखर, म्हणजे मधुमेह, निघून ६ वर्षं झाली. भात कमी, आंबा बंद, चालायला जा, हे सगळ्यांनाच सांगतात. भातावर वाढलेल्या माणसाने ते रोज कसं निभवायचं, ते कोणी सांगत नाही. ते इथे लिहा. गोळ्यांचे डोस नकोत, ते डॉक्टरांकडे.

सुरुवात मीच करते. पहिल्या वर्षी भात सोडला आणि नाचणीच्या ३-३ भाकऱ्या हाणल्या. दोन तासांनी मीटरवर २४०! नाचणी झाली तरी पीठच की ते. आता एकच भाकरी, नाहीतर सपाट वाटीभर उकडा भात. आधी भाजी आणि बांगडा, भात शेवटी. जेवून लवंडायचं नाही, १५ मिनिटं अंगणात माडांभोवती फेऱ्या. हल्ली १७०च्या आसपास असते.

मालवणहून:
आईने पहिल्याच दिवशी जाहीर केलं, "माका भात सोडूक जमाचा नाय." मग आम्ही तिचं ताटच लहान केलं. तिला कळलं, पण बोलली नाही. एक सांगतो, कोकम चांगलं म्हणून पाहुणे अमृत कोकम पुढे करतात. त्यात साखरेचा पाक असतो. आम्ही आगळ (कोकमाचा बिनसाखरेचा रस), पाणी, मीठ, जिरं.

हर्णैहून:
माझं सगळं आयुष्य बंदरावर अनवाणी गेलं. एका संध्याकाळी मुलगी म्हणाली, "बाबा, लादीवर रक्त कसलं?" तळव्यात माशाचा काटा मोडून बसला होता, सकाळपासून असणार. मला पत्ताच नाही! साखरेने पायाच्या नसा बधिर होतात हे ऐकून होतो, पण आपले पाय तसे झालेत हे त्या दिवशी कळलं. जखम भरायला दीड महिना गेला. आता लिलावाला बंद चप्पल. रात्री पाय धुऊन बोटांच्या बेचक्यासुद्धा कोरड्या करतो आणि दाढीचा आरसा जमिनीवर ठेवून तळवे बघतो. बायको हसते. हसू दे.

रत्नागिरीहून:
आंबा काढणीचे दिवस. सकाळची गोळी घेतली, न्याहारी राहिली. अकराला आंबे उतरवायची घळ हातात धरून उभा, तर दरदरून घाम, हात लटलट. ऊन लागलं समजून सावलीत बसलो. पुतण्याने मीटर लावला, ५८! ३ चमचे साखर पाण्यातून घेतली, १५ मिनिटांनी परत तपासली, मग जेवलो. तेव्हापासून खिशात साखरेची पुडी. मधुमेहवाल्याच्या खिशात साखर, गावभर चेष्टा झाली.

श्रीवर्धनहून:
३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं आणि कित्येक दिवस लाईट नव्हती. फ्रीजमध्ये आईचं इन्सुलिन. मोठ्या मडक्यात ओली वाळू, त्यात लहान मडकं, आत डब्यात बाटल्या, वर ओलं फडकं. न उघडलेल्या बाटलीला २ ते ८ अंश लागतात, तेवढं गार मडक्यात होत नाही. पण उकाड्यापासून वाचतं. रस्ता सुरू झाल्यावर सगळ्यात आधी नवीन बाटल्या आणल्या.

गुहागरहून:
बाकी सगळं जमतं हो. उकडीच्या एका मोदकावर थांबलेलं कोणी आहे का इथे? कसं थांबलात तेवढं लिहा, गणपती जवळ आलेत.