फ्लेवर-फ्रॅग्रन्स इन्ग्रिडिएंट कंपनी नक्की वाढते कशाच्या जोरावर?

निवांत_वाचक
सध्या वास आणि चवीचा माल बनवणाऱ्या कंपन्यांचे अॅन्युअल रिपोर्ट वाचतोय आणि डोकं गरगरायला लागलंय. एकीकडे म्हणायचं की साबण, शाम्पू, टूथपेस्ट, बिस्किट सगळ्यात यांचा माल जातो, मंदी आली म्हणून कोणी दात घासायचं थांबत नाही, म्हणजे धंदा सेफ. पण वाढ उकलून बघायला गेलं तर जिवोदाँ काय, सिमराइज काय, आयएफएफ काय, सगळ्यांचा इतिहास म्हणजे नुसती खरेदी आणि विलीनीकरणं. मग यातली स्वतः कमावलेली वाढ कुठली आणि विकत आणलेली कुठली? आणि दुसरं, जी कंपनी फक्त रेणू बनवून या मोठ्यांना विकते तिची वाढ आणि मोठ्यांची वाढ एकाच मापाने मोजायची का? मी अकाउंट्सवाला आहे, केमिस्ट्री दहावीनंतर सोडली, त्या हिशोबाने सांगा.

जीसी_वाला
दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो, खरा घोळ तिथेच आहे. यात दोन धंदे आहेत आणि लोक एकाच नावाने ओळखतात. एक म्हणजे कंपाउंड, म्हणजे पाच-पन्नास घटक मिसळून तयार केलेला वास किंवा चव, जो शाम्पूवाल्याला जसाच्या तसा ड्रममध्ये जातो. दुसरा म्हणजे ते घटक स्वतः, एकेक रेणू.

कंपाउंडवाल्याची गंमत अशी की शाम्पू कंपनी ब्रीफ देते, म्हणजे कसा वास हवा ते सांगते, तीन-चार फ्रॅग्रन्स हाउस महिनोन् महिने फुकट सॅम्पल बनवतात, एकजण जिंकतो, बाकीच्यांची मेहनत पाण्यात. पण जिंकला की तो वर्षानुवर्षं माल पुरवत राहतो. शाम्पूच्या एकूण खर्चात वासाचा वाटा छोटा असतो आणि वास बदलला तर गिऱ्हाईक दुसऱ्याच दिवशी बोंब मारतं, मग चार पैसे वाचवायला तो हलवणार कोण? त्यात मोठ्या ग्राहकांची कोअर लिस्ट असते, म्हणजे ठरलेल्या पुरवठादारांची यादी, त्यात नाव नसेल तर ब्रीफच मिळत नाही. विकत घेण्यामागचं एक मोठं कारण हेच आहे बघा, लिस्टवर आधीच असलेली कंपनी घेतली की दार उघडलं.

रेणूवाल्याला यातलं काहीच नाही. त्याचा रेणू फॉर्म्युल्यात बसला तरी खरेदीवाला तोच रेणू दुसऱ्याकडून मागवू शकतो, प्युरिटी आणि वास जुळला की झालं. हेडिओन या वासाच्या रेणूचंच घ्या. फर्मेनिक या स्विस फ्रॅग्रन्स हाउसचा शोध, 1966 च्या ओ सोवाज या परफ्युममध्ये वापरला आणि परफ्युमरी बदलून टाकली. पेटंट संपल्यावर तोच रेणू (रासायनिक नाव मिथाइल डायहायड्रोजास्मोनेट) भरपूर जण बनवायला लागले आणि आता तो टनावारी विकला जाणारा माल आहे. म्हणून मोठी हाउसेस काही नवे रेणू बाहेर विकतच नाहीत, फक्त स्वतःच्या परफ्युमरना वापरायला देतात, त्याला कॅप्टिव्ह म्हणतात. फॉर्म्युल्याचं पेटंट सहसा कोणी काढत नाही आणि जीसी-एमएस मशीनवर (मिश्रणातले घटक वेगळे करून ओळखणारं यंत्र) टाकला की त्यात काय काय आहे ते बरंचसं दिसतं, पण दिसलं तरी कॅप्टिव्ह बाजारात मिळत नाही, त्यामुळे कॉपी अडते.

कच्चा_माल
वरचं सगळं बरोबर, पण खरेदी खात्यात बसणाऱ्याला विचाराल तर तो म्हणेल रेणूवाल्याची वाढ कच्च्या मालावर ठरते, बाकी नंतर. कितीतरी वासांचं मूळ टर्पेंटाइनमध्ये, म्हणजे पाइनच्या झाडापासून मिळणाऱ्या तेलात आहे, आणि टर्पेंटाइनचा मोठा हिस्सा क्राफ्ट पद्धतीच्या कागद कारखान्यांचा बायप्रॉडक्ट म्हणून येतो. म्हणजे पाइनच्या लाकडाचा लगदा किती शिजला त्यावर टर्पेंटाइनमधला तुमचा मुख्य रेणू, अल्फा-पायनीन, किती मिळणार ते ठरणार, सुगंधाला मागणी वाढली म्हणून कोणी कागद जास्त करत नाही. मग शहाणी कंपनी काय करते, तर मागे सरकते, म्हणजे टर्पेंटाइनच हातात घेते. फर्मेनिकने 2020 मध्ये फ्रान्समधली टर्पेंटाइनवाली कंपनी डीआरटी घेतली ती याचसाठी, सिमराइजनेही पिनोव्हा ही त्याच प्रकारची कंपनी घेऊन त्यातला रेनेसेन्झचा भाग ठेवला आणि बाकीचा विकून टाकला.

दुसरी वाट सिट्राल या लिंबासारख्या वासाच्या रेणूची. त्यातून आयोनोन, सिट्रोनेलॉल, मेंथॉल असे वास-चवीचे रेणू आणि शिवाय व्हिटॅमिन ए सुद्धा. बीएएसएफ या जर्मन केमिकल कंपनीच्या लुडविग्सहाफेनच्या सिट्राल प्लांटला 31 ऑक्टोबर 2017 ला आग लागली, त्यांनी फोर्स मेजर (आपत्तीमुळे माल देऊ शकत नाही) जाहीर केला, आणि पुढचे कित्येक महिने जगभर वासवाल्यांपासून पशुखाद्यवाल्यांपर्यंत सगळ्यांची पळापळ. ज्यांच्याकडे टर्पेंटाइनचा रूट होता ते त्या काळात आरामात होते. मॅनेजमेंट ‘आमची टेक्नॉलॉजी, आमचं इनोव्हेशन’ सांगत बसली की मला आधी हे विचारावंसं वाटतं की बाबा, तुझा एकच सप्लायर बंद पडला तर दुसऱ्या रूटने माल काढता येतो का.

निवांत_वाचक
हे भारी आहे, हे कुठल्याच रिपोर्टमध्ये इतकं सरळ नव्हतं. पण पहिला प्रश्न राहिला की, खरी वाढ आणि विकतची वाढ. ऑरगॅनिक ग्रोथ म्हणून आकडा देतात तो पुरेसा आहे का?

गुडविल_राइटऑफ
नाव बघून कळलंच असेल मी कुठल्या बाजूचा. ऑरगॅनिक आकडा घ्या पण आंधळेपणाने नको. जिवोदाँचं 2024 बघा, लाइक-फॉर-लाइक वाढ (चलनाचा आणि खरेदी-विक्रीचा परिणाम वगळून) 12.3 टक्के, आणि स्विस फ्रँकमध्ये विक्री 7.4 अब्ज, म्हणजे वाढ फक्त 7 टक्क्यांच्या आसपास, कारण फ्रँक महाग झाला. दोन्ही आकडे खरे, पण कुठला सांगायचा ते सांगणाऱ्याच्या हातात. आणि ऑरगॅनिकच्या आतसुद्धा भाव किती आणि टन किती हे वेगळं काढायचं. 2022 ला कच्चा माल भडकला तेव्हा भाव वाढवून वाढ दाखवली गेली, 2023 ला ग्राहकांनी गोदामं रिकामी करायला घेतली आणि टनेज आपटलं.

आता विकतची. आयएफएफ 2018 मध्ये फ्रुटारोम ही फ्लेवर कंपनी घेते 7.1 अब्ज डॉलरला, पुढच्याच वर्षी स्वतःच जाहीर करावं लागतं की फ्रुटारोमच्या रशिया आणि युक्रेनमधल्या धंद्यात गैरपद्धतीने पैसे दिले गेले होते. ते पचायच्या आत ड्यूपाँटचा न्यूट्रिशन अँड बायोसायन्सेस विभाग, 26.2 अब्ज डॉलरचा सौदा, 2021 ला पूर्ण. विक्री दुपटीहून जास्त झाली, ग्राफ मस्त. मग अब्जावधीचं गुडविल (कंपनी घेताना मालमत्तेच्या किमतीपेक्षा जास्त मोजलेले पैसे) राइट-ऑफ, एकेक तुकडा विकायला काढला, आणि 2024 ला डिव्हिडंड निम्म्यावर. आता सांगा याला वाढ म्हणायचं का.

जीसी_वाला
आयएफएफवरून सगळ्याच खरेद्यांना झोडपू नका राव. जिवोदाँने 2007 ला क्वेस्ट घेतली तेव्हाही लोक म्हणत होते घास मोठा आहे. पण ती वासाची आणि चवीचीच कंपनी होती, त्याच प्रकारचे ग्राहक, त्याच प्रकारचे परफ्युमर, म्हणून जुळलं. ड्यूपाँटकडून जे आलं त्यात सोया प्रोटीन, एन्झाइम, इमल्सिफायर, हा वेगळाच धंदा, वेगळं मार्जिन. आकारापेक्षा हे बघा की घेतलेली कंपनी त्याच ब्रीफमध्ये कामाला येते की नाही.

आणि सिमराइजची सुरुवात विसरू नका. हार्मान आणि टीमान यांनी 1874 मध्ये कोनिफेरिन या झाडातल्या पदार्थापासून व्हॅनिलिन (व्हॅनिलाच्या वासाचा रेणू) बनवलं, त्यावर होल्त्समिंडेनला कारखाना. त्याच गावात 1919 ला ड्रॅगोको सुरू झाली, आणि दोन शेजारी प्रतिस्पर्धी शेवटी 2003 मध्ये एक होऊन सिमराइज झाले. पुढे 2014 ला दियाना घेऊन पाळीव प्राण्यांच्या खाद्याच्या चवीत शिरले, ते मात्र मला तेव्हा अजिबात पटलं नव्हतं. मांजर ब्रीफ देत नाही 😄 पण त्यांचा तो भाग चांगला चाललाय.

कच्चा_माल
एक राहिलं, नियम. लिलियाल हा वासाचा रेणू युरोपात कॉस्मेटिक्समध्ये 1 मार्च 2022 पासून बंद. एका रात्रीत नाही, आधीपासून सगळ्यांना माहीत होतं, तरी किती फॉर्म्युले परत बसवावे लागले विचारू नका. लिलियालच बनवून विकणाऱ्याची लाइन गेली आणि ज्याच्याकडे तसाच मुगेचा (लिली ऑफ द व्हॅली फुलाचा) वास देणारा रेणू तयार होता त्याला रांग लावून ऑर्डर. म्हणून छोट्या रेणू कंपनीचा रिपोर्ट वाचताना वरच्या दोन-तीन रेणूंवर किती टक्के विक्री उभी आहे ते शोधा, बऱ्याचदा लिहिलेलं नसतं, कॉन्फरन्स कॉलच्या ट्रान्सक्रिप्टमध्ये कोणीतरी खोदून विचारलेलं सापडतं.

गुडविल_राइटऑफ
आणि 2023 च्या मार्चमध्ये जिवोदाँ, फर्मेनिक, सिमराइज, आयएफएफ चौघांवर स्पर्धा आयोगांच्या चौकशा सुरू झाल्या होत्या, संगनमताच्या संशयावरून. चारच जणांच्या हातात इतका मोठा हिस्सा असला की हा प्रश्न निघणारच. तुमच्या यादीत टाकून ठेवा.

निवांत_वाचक
टाकलं. आता आधी टन आणि भाव वेगळे करून बघतो. तीन वर्षांचे मिळाले तर इथेच चिकटवतो, पण एका कंपनीने 2023 पासून टनेज द्यायचंच बंद केलेलं दिसतंय, हे कुणाला दुसरीकडे मिळालं असेल तर सांगा.