वकिलांविरुद्ध बार कौन्सिलकडे तक्रार कशी करावी?

प्रश्न (सातारा जिल्ह्यातील पक्षकार)

नमस्कार. माझे वडील वादी असलेला शेतजमिनीच्या वाटपाचा दावा सहा वर्षे दिवाणी न्यायालयात चालू होता. आमचे वकील दर वेळी पुढची तारीख पडल्याचे सांगत राहिले. परंतु गेल्या आठवड्यात मी स्वतः ई-कोर्टच्या संकेतस्थळावर पाहिले, तेव्हा वादी व त्यांचे वकील गैरहजर असल्याच्या कारणावरून दावा चार महिन्यांपूर्वीच काढून टाकल्याचे समजले. आता ते उरलेली फी दिल्याशिवाय कागद परत करण्यास तयार नाहीत, आणि आजोबांच्या काळातील मूळ खरेदीखत त्यांच्याकडेच आहे. वडील 78 वर्षांचे आहेत. त्यांना हे सांगण्याचे धैर्य मला अजून झालेले नाही. बार कौन्सिलकडे (वकिलांची नोंदणी व शिस्त पाहणारी संस्था) तक्रार केल्यास दावा पुन्हा सुरू होईल का?

उत्तर 1

ही सेवेतील त्रुटी आहे. ग्राहक आयोगाकडे जावे, तेथे भरपाईही मिळते.

उत्तर 2 (निवृत्त न्यायालयीन कर्मचारी)

वरील सल्ला आता लागू पडत नाही. वकिलांची सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 14 मे 2024 रोजी दिला आहे. भरपाई हवी असल्यास दिवाणी दाव्याचा मार्ग उरतो.

बार कौन्सिलच्या तक्रारीने दावा पुन्हा सुरू होत नाही, म्हणून आधी दावा वाचवा. पुनर्स्थापनेच्या, म्हणजे काढून टाकलेला दावा पुन्हा सुरू करण्याच्या, अर्जाची मुदत आदेशाच्या तारखेपासून 30 दिवसांची असते. ती उलटलेली असल्याने मुदत कायद्याच्या कलम 5 खालील विलंबमाफीचा अर्ज सोबत जोडावा लागेल. वकिलाच्या चुकीची शिक्षा निर्दोष पक्षकाराला होऊ नये, असे सर्वोच्च न्यायालयाने रफीक विरुद्ध मुन्शीलाल या प्रकरणात 1981 मध्येच म्हटले आहे. मात्र पक्षकार स्वतः जागरूक होता का, हेही न्यायालय पाहते. तेव्हा रोजनाम्याच्या (दाव्यातील प्रत्येक तारखेच्या कामकाजाची न्यायालयीन नोंद) प्रमाणित प्रतीसाठी उद्याच नक्कल अर्ज करा आणि तारखांविषयीचे सर्व संदेश जपून ठेवा.

उत्तर 3 (वकील, पुणे)

तक्रारीपुरते सांगतो. ती अधिवक्ता अधिनियम, 1961 च्या कलम 35 खाली महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलकडे करावी. मराठीत चालते, परंतु अर्जावर तक्रारदाराची सही व सत्यापन (मजकूर खरा असल्याचे लेखी कथन) लागते आणि ठरलेले शुल्क भरावे लागते. वकीलपत्र वडिलांच्या सहीचे असल्याने तक्रारही त्यांच्याच नावे असावी. राग कितीही रास्त असला तरी अर्जात विशेषणे नकोत. कोणत्या तारखेला काय सांगितले गेले आणि त्या दिवशी रोजनाम्यात काय नोंद आहे, एवढेच शेजारी शेजारी मांडावे. शिस्तपालन समिती पुराव्याची कसोटी कडक लावते, आणि ते योग्यच आहे, कारण एखाद्याची सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, जाऊ शकते.

प्रथमदर्शनी तथ्य आढळल्यास प्रकरण तीन सदस्यांच्या समितीकडे जाते. ती समज देऊ शकते, सनद काही काळ निलंबित करू शकते किंवा नोंदवहीतून नाव काढू शकते. एका वर्षात निकाल न लागल्यास प्रकरण भारतीय बार कौन्सिलकडे वर्ग होते. राज्याच्या समितीचा निकाल मान्य नसल्यास 60 दिवसांत भारतीय बार कौन्सिलकडेच अपील करता येते.

फीसाठी कागद अडवणे ही स्वतंत्र तक्रार आहे. थकीत फीपोटी पक्षकाराची फाइल ठेवून घेण्याचा हक्क वकिलाला नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2000 मध्ये आर. डी. सक्सेना प्रकरणात स्पष्ट केले आहे. आधी कागद परत मागणारे पत्र नोंदणीकृत पोस्टाने पाठवा आणि पोचपावती तक्रारीला जोडा. माझ्याच व्यवसायातील माणसाविषयी हे लिहिताना वाईट वाटते, पण तक्रार जरूर करा.

प्रश्नकर्ता

आपणा सर्वांचा आभारी आहे. सही वडिलांचीच लागणार असल्याने काल रात्री त्यांना सर्व सांगितले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. नंतर उठून त्यांनी ट्रंकेतली वही काढून दिली. वकिलांनी सांगितलेली प्रत्येक तारीख आणि दिलेल्या फीची रक्कम त्यांनी सहा वर्षे तीत लिहून ठेवली आहे. नक्कल अर्ज आज दिला.